माहेर शत्रूच्या देशात गेलं तेव्हा

हातातलं काम चालू असेल तर चालू राहू द्या. कान तेवढा इकडे द्या.

आज एक प्रश्न घेऊन आले आहे. समजा, तुमचं माहेर ज्या गावात आहे आणि तुमचं सासर ज्या गावात आहे, त्या दोन गावांत मारामारी जुंपली. साधी नाही, माणसं मरतील अशी. तुमचा भाऊ तिकडून उभा, तुमचा मुलगा इकडून उभा. अशा वेळी तुमचा जीव कुठे असेल? आणि तुम्ही म्हाताऱ्या आईसाठी डोळ्यांत पाणी आणलंत, तर सासरची माणसं तुम्हाला फितूर म्हणतील का?

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी लाखो बायकांच्या वाट्याला खरोखरच आली होती. त्या बायका होत्या जर्मनीतून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या. त्यांची हकीकत आज सांगते.

आधी हे लोक अमेरिकेत कसे पोचले ते पाहू. जर्मनी युरोपातला देश. १८२० पासून १९१४ पर्यंत तिथून पन्नास लाखांहून जास्त माणसं अमेरिकेला गेली. कारणं आपल्याला नवी नाहीत. वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे झाले. १८४० च्या सुमारास बटाट्यावर रोग पडून पीक बुडालं. यंत्राचं कापड आलं आणि हातमागावर ताग्याला ताग जोडून पोट भरणारे विणकर उघडे पडले. मग लोक ब्रेमेन आणि हॅम्बर्ग या बंदरांतून बोटीत बसले. एकट्या १८८१ ते १८९० या दहा वर्षांत चौदा लाखांहून जास्त माणसं गेली. कोणी मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुईस या शहरांत कारखान्याला लागलं. कोणी आयोवा, नेब्रास्का, टेक्सास या राज्यांत शेती धरली. कितीतरी तरुण मुली शहरात घरकामाला राहिल्या आणि पगारातून घरी पैसे धाडू लागल्या.

अमेरिकेत ते जर्मन बोलत. चर्चमधली प्रार्थना जर्मनमध्ये, शाळा जर्मनमध्ये, वर्तमानपत्रंही जर्मन भाषेतली. १९१० साली जर्मनीत जन्मलेली २३ लाखांहून जास्त माणसं अमेरिकेत होती. पोटापाण्याने ती अमेरिकेची झाली होती. पण आई-वडील, बहीण-भाऊ जर्मनीत होते. दोन्हींना जोडणारा धागा एकच, टपालातून येणारं पत्र. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, गाय व्याली का, आईचे गुडघे कसे आहेत, सगळं त्या कागदावर. मैत्रिणींनो, फोन नसतानाच्या काळात दूर दिलेल्या लेकीला पत्राचं मोल काय होतं, ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

आणि मग १९१४ चा ऑगस्ट महिना आला. पहिलं महायुद्ध सुरू झालं. एका बाजूला जर्मनी आणि त्याचे साथीदार, दुसऱ्या बाजूला इंग्लंड, फ्रान्स, रशिया. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. इंग्लंडने युद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्टला, समुद्राखालून जाणाऱ्या जर्मनीच्या तारा तोडल्या. त्या तारांवरून अमेरिकेला संदेश जात असत. पुढे इंग्रज आरमाराने समुद्रच अडवला. जर्मनीकडे जाणारी जहाजं थांबवून झडती होऊ लागली. दुसऱ्या देशांच्या जहाजांवरचे टपालाचे थैलेही उतरवून घेतले जात. पत्रं उघडून वाचली जात. काही उशिरा पोचत, काही कधीच पोचत नसत.

आता त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. भाऊ लढाईवर गेला आहे एवढं शेवटच्या पत्रात कळलं. त्यानंतर काहीच नाही. वर्तमानपत्रात रोज हजारो मेल्याच्या बातम्या. इंग्रजी वर्तमानपत्र एक सांगतं, जर्मन वर्तमानपत्र दुसरंच सांगतं. खरं काय ते कोणाला विचारायचं?

त्या बायका नुसत्या बसून राहिल्या नाहीत. जर्मनीतल्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी त्यांनी निधी जमवला. मंडळं केली, विणकाम केलं, खाण्याचे पदार्थ करून जत्रेसारखे बाजार भरवले. पुष्कळ जणींनी सोन्याचा दागिना देऊन बदल्यात लोखंडी अंगठी घेतली. जर्मनीत शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईतही बायकांनी असंच सोनं दिलं होतं, त्याची ही आठवण. आपण अंगावरचा दागिना कधी काढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरावर वेळ आल्याशिवाय बाई सोनं काढत नाही.

तिकडे जर्मनीत काय चाललं होतं? गडी माणसं लढाईवर, घोडे लढाईवर, शेतात बायका, म्हातारे आणि पोरं. परदेशातून येणारं खत समुद्र अडवल्यामुळे बंद. देशात जे नत्र तयार होई ते दारूगोळ्याकडे जाई. युरियाची गोणी वेळेवर मिळाली नाही तर पिकाचं काय होतं, हे आपण जाणतो. तिथे तर ते सारख्या तीन-चार हंगामांना झालं. १९१५ पासून भाकरी-पाव कार्डावर आला. १९१६ चा पावसाळी हंगाम वाईट गेला, बटाट्यावर पुन्हा रोग पडला, आणि पीक निम्म्यावर आलं. त्या थंडीत लोकांनी सलगमच्या जातीचा एक कंद खाऊन दिवस काढले. एरवी तो गुरांना घालत. त्या हिवाळ्याला जर्मनीत आजही त्या कंदाच्याच नावाने ओळखतात. शहरातल्या बायका पहाटेपासून रांगेत उभ्या राहत आणि नंबर येईतो दुकानातला माल संपलेला असे. नाकेबंदीच्या काळातल्या उपासमारीने आणि तिच्यामुळे जडलेल्या आजारांनी चार लाख ते साडेसात लाख माणसं गेली, असे इतिहासकारांचे अंदाज आहेत. ही माणसं सैनिक नव्हती. म्हातारी, बायका, लेकरं होती.

इकडे अमेरिकेतल्या लेकीच्या शेतात गहू पिकतो आहे, गोठ्यात दूध आहे, आणि तिकडे आई उपाशी. हिच्या घासाला चव कशी लागावी?

एवढ्यावर भागलं नाही. ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका स्वतः जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. ज्या जर्मन माणसांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नव्हतं, ती एका दिवसात शत्रू देशाची परकी माणसं ठरली. ऑक्टोबर १९१७ मध्ये कायदा झाला, आणि सरकारी परवान्याशिवाय जर्मनीत पत्र धाडणं हा गुन्हा झाला. म्हणजे आतापर्यंत पत्र पोचत नव्हतं, आता लिहिणंच बंद.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट होती. ती नीट ऐका, कारण ती आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे. अमेरिकेत १९०७ साली एक कायदा झाला होता. त्याप्रमाणे बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागे जाई. अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली, जर्मनी कधी डोळ्यांनीही न पाहिलेली मुलगी. तिने जर्मन नागरिक असलेल्या माणसाशी लग्न केलं, की ती कायद्याने जर्मन. त्यामुळे युद्ध लागल्यावर ती आपल्या जन्मगावातच शत्रू ठरली. १९१५ साली एका बाईने हा कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तिचा नवरा इंग्रज होता. न्यायालयाने निकाल तिच्या विरुद्ध दिला.

जून १९१८ मध्ये चौदा वर्षांवरच्या अशा सगळ्या बायकांना नोंदणीसाठी बोलावलं. पोलीस ठाण्यात नाहीतर टपाल कचेरीत जायचं, फोटो द्यायचे, बोटांचे ठसे द्यायचे. फॉर्मवर एक प्रश्न होता, तुमच्या नात्यातलं कोणी पुरुष अमेरिकेच्या बाजूने किंवा विरुद्ध लढत आहे का? कितीतरी घरांत दोन्हीचं उत्तर ‘हो’ असणार. मुलगा अमेरिकेच्या फौजेत, भाचा जर्मनीच्या फौजेत. नोंदणी झाली की कार्ड मिळे, ते जवळ बाळगायचं, आणि परवानगीशिवाय राहतं घर बदलायचं नाही. दोन लाखांहून जास्त बायकांची अशी नोंदणी झाली.

काळजी तर होतीच. आता तिच्या जोडीला भीती आली. शेजारी एकमेकांवर नजर ठेवू लागले. जर्मन आंबट कोबीचं नावसुद्धा बदलून ‘स्वातंत्र्य कोबी’ करून टाकलं. नावात हसू येतं, पण पुढचं हसण्यासारखं नाही. ५ एप्रिल १९१८ ला इलिनॉय राज्यातल्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रेगर या जर्मन कामगाराला जमावाने फाशी देऊन मारलं. तो हेर असल्याचा कसलाही पुरावा नव्हता. खटला चालला, पण आरोपी सुटले.

आयोवा राज्याचे गव्हर्नर हार्डिंग यांनी २३ मे १९१८ ला फर्मान काढलं. शाळेत, आगगाडीत, चार लोकांत, प्रार्थनेत आणि टेलिफोनवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी आपल्या घरात प्रार्थना करावी. विचार करा, एका म्हातारीचा मुलगा वारला आणि त्याच्या अंत्यविधीतले शब्द तिला कळू नयेत, असा तो हुकूम. तेव्हा खेड्यात एकाच तारेवर पाच-दहा घरांचे फोन असत. एक बोलली की बाकीच्यांना उचलून ऐकता येई. आयोवाच्या स्कॉट काउंटीत शेतकऱ्यांच्या काही बायका फोनवर जर्मनमध्ये बोलल्या, कोणीतरी ऐकलं, आणि त्यांना २२५ डॉलर भरायला लावले. आयोवात भाषेपायी बायकांना असा भुर्दंड पडला.

आता तुम्ही म्हणाल, सरकारला हेरांची भीती नव्हती का? होती. काही ठिकाणी घातपात झालेही होते. देश युद्धात असताना सावध राहावं लागतं, हे खरं. पण आईची खुशाली विचारणारी बाई आणि हेर यांत फरक करता यायला हवा. तो फरक करण्याचे कष्ट घेतले नाहीत, म्हणून लाखो निरपराध माणसांनी दार लावून, आवाज दाबून दुःख केलं. बऱ्याच घरांनी मुलांशी जर्मन बोलणं सोडून दिलं. पुढच्या पिढीला आजीची भाषा आलीच नाही. आजीचं जुनं पत्र पेटीत राहिलं, पण ते वाचणारं घरात कोणी उरलं नाही.

याच युद्धात आपल्या मुलखातलीही माणसं होती, हे इथे सांगायला हवं. मराठा पलटणी इंग्रजांच्या बाजूने इराकमध्ये लढत होत्या. तिथल्या कूत गावात १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात सापडलेल्या फौजेत मराठा पलटणींचे जवान होते. शेवटी सगळे कैद झाले, आणि त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. त्यांच्या आया-बायका इथे आपल्या गावांत वाट बघत होत्या. त्यांनी त्या जर्मन बायकांना कधी पाहिलं नाही. सरकारच्या हिशेबी त्या एकमेकींच्या शत्रू होत्या. पण पोस्टमन दिसला की छातीत होणारी धडधड एकच.

११ नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबली. बंदुका थांबल्या, पण समुद्राची नाकेबंदी थांबली नाही. ती जुलै १९१९ पर्यंत चालू राहिली. आठ महिने! मे १९१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात बायकांची परिषद भरली. लढाईत एकमेकांविरुद्ध असलेल्या देशांतल्या बायका तिथे एकत्र बसल्या आणि नाकेबंदी उठवा, भुकेल्यांना अन्न द्या, असा ठराव त्यांनी केला. परिषदेच्या अध्यक्ष होत्या अमेरिकेच्या जेन ॲडम्स. शिकागोत गरीब परदेशी कुटुंबांसाठी त्यांनी मोठं काम उभं केलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या आणि डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन जर्मनीत गेल्या. हाडं वर आलेली मुलं त्यांनी पाहिली आणि परत येऊन गावोगाव सभा घेऊन सांगितलं. शत्रूच्या पोरांसाठी भीक मागते म्हणून त्यांच्यावर टीका झाली. त्या थांबल्या नाहीत. १९३१ साली त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

टपाल पुन्हा सुरू झालं, आणि साठलेल्या बातम्या एकदम आल्या. कोणाचा भाऊ दोन वर्षांपूर्वीच गेलेला. कोणाची आई मागच्या थंडीत. रडायलासुद्धा उशीर झाला होता. पण मागे राहिलेल्यांना जगवायचं होतं. तिथून पुढे त्या बायका-पुरुषांनी काय केलं, ते आपल्या गटांनी समजून घेण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, अन्नाची हुंडी. १९२० पासून अमेरिकेतल्या बँकेत दहा डॉलर भरले की एक चिठ्ठी मिळे. ती चिठ्ठी जर्मनीतल्या नातेवाइकाला धाडायची. तो हॅम्बर्गसारख्या ठिकाणच्या गोदामातून त्यावर पीठ, कडधान्य, डुकराचं खारवलेलं मांस आणि दुधाचे डबे घेई. नुसते पैसे धाडून उपयोग नव्हता, कारण दुकानात मालच नव्हता. म्हणून पैशाऐवजी धान्य पोचेल अशी सोय केली. त्यातून जे वर उरे ते मुलांच्या जेवणासाठी जाई.

दुसरी गोष्ट, मुलांचं जेवण. क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. ते कोणत्याही युद्धाच्या विरुद्ध असतात. त्यांच्या अमेरिकेतल्या लोकांनी १९२० च्या सुरुवातीपासून जर्मनीतल्या शाळांत एक वेळचं गरम जेवण सुरू केलं. कधी शेंगांचं सूप, कधी दूधभात, कधी कोको आणि पांढरा पाव. डॉक्टर मुलं तपासून ज्यांना जास्त गरज त्यांची नावं घेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ते मिळे. आपल्या अंगणवाडीतला आहार आठवला ना? भर काळात रोज दहा लाखांच्या आसपास मुलं हे जेवण जेवत होती. पैसा अमेरिकेतून येई, त्यात जर्मन घरांचा वाटा होता. रांधण्या-वाढण्याचं काम जर्मनीतल्या बायका करत.

तिसरी गोष्ट, गाई. युद्धानंतरच्या तहात जर्मनीने फ्रान्स आणि बेल्जियमला मिळून १ लाख ४० हजार दुभत्या गाई द्याव्यात असं कलम होतं. त्या देशांच्याही गाई युद्धात गेल्या होत्या, तेव्हा त्यांची मागणी उगाच नव्हती. पण जर्मन लेकरांच्या तोंडचं दूध आणखी कमी होणार होतं. तेव्हा अमेरिकेतल्या जर्मन शेतकऱ्यांनी आपापल्या गोठ्यातल्या गाई काढून दिल्या. १९२१ च्या सुरुवातीला सातशेवर गाईंनी भरलेलं जहाज बाल्टिमोर बंदरातून ब्रेमेनला गेलं. वाटेत त्यांना चारा घालायला, धार काढायला माणसं सोबत गेली. काही लोकांनी विरोध केला, गाई अडवल्याही. तरी जहाज गेलं. ज्या ब्रेमेन बंदरातून यांचे आईबाप रिकाम्या हाताने निघाले होते, त्याच बंदरात या गाई उतरल्या.

आणि कायद्याचं काय झालं? त्यातही हळूहळू सुधारणा झाली. २२ सप्टेंबर १९२२ ला नवा कायदा आला. पुष्कळ बायकांचं नागरिकत्व नवऱ्यापासून वेगळं झालं. तो अपुरा होता, पुढे त्यात आणखी बदल करावे लागले. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्कातल्या मायर नावाच्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला होता. न्यायालय म्हणालं, मुलांना परकी भाषा शिकवणं हा गुन्हा ठरवता येणार नाही.

मैत्रिणींनो, या हकीकतीतून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्या माणसाची काळजी करणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. त्या बायका अमेरिकेत कसत होत्या, कर भरत होत्या, मुलगे फौजेत धाडत होत्या. आणि तरीही आईसाठी रडत होत्या. एका काळजात दोन्ही राहू शकतं. हे आपल्या बायकांना वेगळं शिकवावं लागत नाही, कारण आपण प्रत्येक जण दोन घरांच्या असतो. म्हणूनच ही गोष्ट आपल्याला चटकन कळते, आणि म्हणूनच ती जपण्याची जबाबदारीही आपली.

आजही गावात अशा बायका आहेत. कोणाचा नवरा आखातात कामाला, कोणाचा मुलगा सीमेवर, कोणाची मुलगी परदेशात नर्स. आपल्याकडे दुसऱ्या राज्यातून, दुसरी भाषा बोलत आलेली ऊसतोडीची, वीटभट्टीची कुटुंबंही आहेत. तिकडे पूर आला, दंगल झाली, की त्यांचा जीव तिकडे लागतो. त्यांना विचारा, घरची खुशाली कळली का? एवढं विचारायला पैसे लागत नाहीत.

पुढच्या बैठकीत गटात तीन गोष्टींवर बोला. एक, आपल्या वस्तीत दूरच्या माणसाची काळजी घेऊन एकटी बसलेली बाई कोण आहे, आणि तिच्याकडे कोण जाईल? दोन, मोबाइलवर एखाद्या समाजाविरुद्ध, गावाविरुद्ध मजकूर आला तर तो पुढे धाडण्याआधी आपण काय तपासतो? तीन, आपली स्वतःची कागदपत्रं, आधार, मतदार ओळखपत्र, बँक पासबुक, आपल्या नावाने आणि आपल्या हाताशी आहेत का? की सगळं घरधन्याच्या पेटीत आहे? त्या अमेरिकी बायकांना नवऱ्याच्या कागदापायी काय सोसावं लागलं, ते आत्ता ऐकलंतच.

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते केंद्राला जरूर कळवा. येते मी. सगळ्या जणी सुखरूप राहा, आणि तुमची दूर असलेली माणसंही सुखरूप राहोत. नमस्कार.